मोजणारा पापुद्रा

तोलमापाच्या खात्यात ज्याची हयात गेली, त्याला जगातील प्रत्येक वस्तूकडे ‘ही काय मोजते आणि कितपत खरे मोजते’ या एकाच नजरेने पाहण्याची खोड जडते. गुजरात सरकारच्या या खात्यात आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ काढला. किराणा दुकानांतील काटे, दूधवाल्यांची मापे, पेट्रोल पंपांवरील यंत्रे तपासावीत, खरी ठरतील त्यांवर मोहोर उठवावी, खोटी ठरतील ती जप्त करावीत, असा तो व्यवसाय. दशमान वजने देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. आम्ही नोकरीत शिरलो तेव्हा त्या गोष्टीस पाव शतक लोटले होते; तरीही पंचमहालातील आठवड्याच्या बाजारांत दगडाचे ‘शेर’ आमच्या हाती लागत.

सेवानिवृत्तीच्या दिवशी मोहोर खात्यात जमा झाली. खोड मात्र आमच्याबरोबर घरी आली. गेली काही वर्षे ती अशा एका मापावर स्थिरावली आहे, की ज्यास ना दांडी, ना पारडी. ते माप म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूवर वाढवलेला एक काळा पापुद्रा होय. त्याची जाडी पुष्कळदा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नसते, आणि तरीही तो रक्तातील साखर मोजू शकतो. शास्त्रज्ञ त्यास विद्युत्‌वाहक बहुवारिकाचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा पापुद्रा म्हणतात, आणि त्यापासून जे साधन बनते त्यास जैवसंवेदक. शब्द अवजड आहेत खरे. वस्तू मात्र समजण्यास तशी अवघड नाही.

साखरेचा विषय आता घराघरांतला झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. आमच्या घरी हा पाहुणा त्याच्या फार आधी आला होता. तीर्थरूपांना मधुमेह होता. दांडिया बाजारातील जुन्या घरी फडताळात बेनेडिक्टच्या द्रावणाची निळी बाटली असे. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकावयाचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी आणावयाची. रंग निळाच राहिला तर घरादारास हायसे वाटे. हिरवा, पिवळा, नारिंगी अशा पायऱ्या चढत तो विटकरी झाला, की आई त्या दिवशी पानातला भात निमूटपणे काढून घेई. त्या मापात एक मोठी उणीव होती. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज लघवीत उतरत नाही. म्हणजे ते माप सांगे ती साखर काही वेळापूर्वीची, आणि तीही भांडे भरून ओसंडलेली. साखर खाली घसरते आहे, माणूस शुद्ध हरपण्याच्या बेतात आहे, याची त्या नळीस वार्ताही नसे.

तीर्थरूपांचा वारसा आमच्या ताईकडे आला. ती आता पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहे, आमच्याजवळच राहते आणि दिवसातून दोनदा इन्शुलिन घेते. किती घ्यावयाचे, हे बोटातील रक्ताच्या एका थेंबावर ठरते. मागील वर्षी तिच्या मुलाने परदेशातून नवे यंत्र पाठवले. एके सकाळी तिने उपाशीपोटी, एकाच बोटाचे रक्त जुन्या आणि नव्या अशा दोन्ही यंत्रांवर तपासले. जुने म्हणाले ९२. नवे म्हणाले ११८. दोन्ही यंत्रे आमच्यापुढे ठेवून ती म्हणाली, “जन्मभर लोकांची वजने तपासलीस. आता सांग, यातले खरे कोणते?”

योगायोगाने त्याच सकाळी प्रयोगशाळेचा माणूस तिचे रक्त घेऊन गेला होता. सायंकाळी त्यांचा आकडा आला १०५. आम्ही या यंत्रांचे नियम वाचावयास घेतले. आंतरराष्ट्रीय मानक १५१९७ च्या २०१३ सालच्या आवृत्तीप्रमाणे, साखर १०० किंवा त्याहून अधिक असेल तर शंभरांपैकी किमान ९५ वेळा यंत्राचा आकडा खऱ्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असला म्हणजे पुरे. १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमचा फरक चालवून घ्यावयाचा. या हिशेबाने १०५ चे ९२ सांगणारे यंत्रही उत्तीर्ण, आणि ११८ सांगणारेही उत्तीर्ण. हे आम्ही ताईस समजावून सांगितले. ती म्हणाली, “अरे, दुकानदाराने किलोला दीडशे ग्रॅम कमी दिले असते, तर तू त्याला सोडला असतास का?”

आम्ही निरुत्तर झालो. ताप मोजण्याची काचेची नळी, रक्तदाबाचे यंत्र ही आमच्या खात्याच्या नियमांत होती. साखरेचे यंत्र मात्र आमच्या मोहोरेखाली कधी आले नाही. किलोला दीडशे ग्रॅमची सूट कोणी बुद्धिमान माणसांनी दिली असेल, तर त्यामागे काही अडचण असलीच पाहिजे. ती अडचण कोणती, हे शोधता शोधता आम्ही या पापुद्र्यापर्यंत येऊन पोहोचलो.

अडचण अशी. काट्याच्या पारड्यात जे टाकाल ते काटा तोलतो. ते मीठ आहे की साखर, हे तो विचारीत नाही. रक्त हे शेकडो पदार्थांचे मिश्रण आहे. त्यातील एकच पदार्थ ओळखून तेवढाच मोजावयाचा, तर काट्यास आधी ओळखता आले पाहिजे. ही ओळख निसर्गातच उपलब्ध आहे. ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीपासून ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम मिळते. हजार पदार्थांच्या गर्दीत ते ग्लुकोजचा हात धरते, हवेतून आलेल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे ऑक्सिडीकरण करते, आणि या व्यवहारात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ऑक्सिजन किती खर्च झाला अथवा पेरॉक्साइड किती निर्माण झाले, हे विजेने मोजले की साखर कळली. ही कल्पना अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी चॅम्प लायन्स यांच्यासह १९६२ मध्ये मांडली. क्लार्क यांनी त्याआधी रक्तातील ऑक्सिजन मोजणारे विद्युत् अग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, बनवले होते. त्याच्या तोंडाशी एंझाइम बसवावे, एवढीच त्यांची सूचना. १९६७ मध्ये अपडाइक व हिक्स यांनी ते एंझाइम जेलीसारख्या पदार्थात अडकवून दाखवले. १९७५ मध्ये अशा तत्त्वावरील यंत्र बाजारात आले.

पण एंझाइम हा पाण्यात विरघळणारा नाजूक जीव. (तो खरोखरचा जीव नव्हे, प्रथिन आहे, वाचकांनी शब्द समजून घ्यावा.) त्यास धातूच्या टिकलीवर बसवावयाचे कसे? सुटे ठेवावे तर वाहून जाते. घट्ट चिकटवावे तर आपला धर्म विसरते. टिकली जितकी लहान, तितके हे काम अवघड. या ठिकाणी आपला पापुद्रा उपयोगी पडतो.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी एका विद्यापीठात याच विषयावर संशोधन करते. आमची चौकशी ऐकून तिने एक दिवस आम्हांस प्रयोगशाळेत नेले. तेथे लहानशा काचपात्रात आपल्या मिठाच्या पाण्यासारखे स्वच्छ द्रावण होते. त्यात पायरोल नावाचे द्रव थोडेसे मिसळले होते, एक क्षार होता आणि ग्लुकोज ऑक्सिडेज होते. पायरोल ताजे ऊर्ध्वपातित केलेले असले तर रंगहीन असते. हवेत राहिले की तपकिरी होते. पात्रात तीन विद्युत् अग्रे सोडली होती. एकावर पापुद्रा धरावयाचा, दुसऱ्याने विजेची फेरी पुरी करावयाची, आणि तिसरे चांदीचे, चांदीच्याच क्लोराइडचा थर असलेले, केवळ तुलनेसाठी. हे तिसरे पाहून आमचा जीव सुखावला. आमच्या खात्यात प्रत्येक वजन ज्या प्रमाण वजनाशी ताडून पाहावयाचे, त्याचेच ते भावंड होते.

एरवी हा पापुद्रा प्लॅटिनमवर धरतात. आम्हांस दिसावे म्हणून भाचीने त्या दिवशी वीज वाहणारा पारदर्शक लेप दिलेली काचपट्टी घेतली होती. तिने सुमारे पाऊण व्होल्टाचा दाब लावला, म्हणजे विजेरीतील एका सेलच्या निम्मा. आमचे लक्ष साहजिकच यंत्रावरील आकड्यांकडे. ती म्हणाली, “मामा, आकड्यांकडे नका पाहू, काचेकडे पाहा.” काचेवर प्रथम धुरकट छटा आली, मग ती गडद झाली, आणि चहा निवावयास लागतो त्याहूनही कमी वेळात तेथे काजळी धरल्यासारखा सलग काळा पापुद्रा बसला. कोणी ब्रश फिरवला नाही, लेप चोपडला नाही. जेथे वीज पोहोचली तेथेच तो उगवला.

घडले ते असे. पायरोलच्या प्रत्येक रेणूपासून वीज एकेक इलेक्ट्रॉन हिरावून घेते. असा उणा झालेला रेणू अस्वस्थ होतो आणि शेजाऱ्याशी जोडला जातो. जोडीस तिसरा मिळतो, तिसऱ्यास चौथा, आणि साखळी लांबत जाते. लांबलेली साखळी पाण्यात विरघळत नाही. ती अग्रावर बसते. हेच पॉलिपायरोल. दागिन्यास सोन्याचा मुलामा देतात तशीच ही रीत. फरक इतकाच, की मुलाम्यात धातू ऋण अग्रावर बसतो आणि येथे बहुवारिक धन अग्रावर. किती वीज गेली ते मोजले की पापुद्रा किती जाड झाला ते कळते, आणि हवी तेवढी जाडी आली की वीज बंद करावयाची. मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात वीज आणि तिने घडवलेला बदल यांचे जे प्रमाण बांधून दिले, त्याचाच हा उपयोग. वजन न करता वजन करण्याची ही युक्ती आम्हांस फार आवडली.

आता एंझाइम आत कसे गेले? पापुद्र्याच्या साखळीवर, दर तीन-चार कड्यांमागे एक, असा धन विद्युत्‌भार राहतो. तो भागवण्यासाठी द्रावणातील ऋण भाराचे कण आत खेचले जातात. उदासीन द्रावणात, म्हणजे आम्ल नव्हे नि अल्कही नव्हे अशा पाण्यात, ग्लुकोज ऑक्सिडेजवर ऋण भार असतो. त्यामुळे वाढत्या साखळ्यांच्या जाळ्यात तेही ओढले जाते आणि अडकून राहते. उष्णता नाही, तीव्र रसायन नाही, त्यामुळे त्याचा धर्म बव्हंशी टिकतो. १९८६ मध्ये केंब्रिजचे फोल्ड्स व लोव यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत उमाना व वॉलर यांनी, ग्लुकोज ऑक्सिडेज अशा रीतीने पॉलिपायरोलमध्ये बसवून दाखवले.

हा पापुद्रा नवा वाटला, तरी त्याचे घराणे जुने आहे. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन लंडनमध्ये क्विनीन बनवावयास गेला आणि डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनमधून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा उद्योग तेथून उभा राहिला. १८६२ मध्ये लंडनमधीलच हेन्री लेथेबी यांनी ॲनिलीनच्या आम्ल द्रावणात वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या धन अग्रावर निळा थर बसलेला त्यांना दिसला. आज ज्यास पॉलिॲनिलीन म्हणतात, त्याची ही विजेने घडवलेली पहिली नोंद मानली जाते. त्या थरातून वीज वाहू शकेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

ॲनिलीनच्या रंगांशी आमच्या बडोद्याचा संबंध थोडका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले, आणि त्याचे पहिले प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. वस्त्रांचे रंगकाम आणि त्यामागील रसायन हा तेथील मुख्य विषयांपैकी एक. दादासाहेब फाळके तेथे शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जी पिढी तेथे रंगाच्या कढया ढवळावयास शिकली, तिची आठवण क्वचित काढतो. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक कारखाना काढला, तो याच परंपरेतून. या शहरात रसायन हे परके शास्त्र कधीच नव्हते.

रंगाच्या कढईतून विजेच्या तारेकडे जावयास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट पडला आणि पॉलिॲसिटिलीनची चकाकती झिल्ली तयार झाली. ते, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर या तिघांनी मिळून १९७७ मध्ये दाखवून दिले, की तीस आयोडीनची वाफ दिली असता ती धातूच्या जवळपास जाईल इतकी वीज वाहू लागते. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच शोधासाठी मिळाले. मधल्या काळात, १९७९ मध्ये, आय.बी.एम. च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डियाझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेने पॉलिपायरोलचा सलग, उचलून हातात धरता येईल असा पापुद्रा घडवला. आमच्या भाचीच्या काचपात्रातील कृती ही त्याच कृतीची नात.

येथवर सारे सुरळीत वाटते. पण तोलमापवाल्याचा खरा प्रश्न पुढेच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावयास अग्रावर साधारणतः सहा-सात दशांश व्होल्टाचा दाब द्यावा लागतो. या दाबाला रक्तातील आणखीही काही पदार्थ आपले इलेक्ट्रॉन देऊन बसतात: क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, आणि तापासाठी घेतलेले पॅरासिटामॉल. अग्रास काय, इलेक्ट्रॉन आला की तो मोजणार. तो कोणाकडून आला हे त्यास कळत नाही. एंझाइम साखर ओळखते खरे, पण मागच्या दाराने दुसरेच कोणी पारड्यात येऊन बसले तर त्याचा इलाज एंझाइमजवळ नाही.

हा इलाज १९९० मध्ये इटलीतील बारी येथील मालितेस्ता, पाल्मिसानो, तोर्सी व झांबोनिन यांनी दाखवला, आणि त्यासाठी त्यांनी पापुद्र्याचेच दुसरे एक भावंड कामास लावले. ऑर्थो-फेनिलिनडायअमाइन नावाच्या पदार्थाचा पापुद्रा त्यांनी एंझाइमसह प्लॅटिनमवर विजेनेच धरला. तो पॉलिपायरोलसारखा वीज वाहत नाही. त्यामुळे थोडा वाढला की अग्र झाकले जाते, वीज पुढे जात नाही, आणि पापुद्र्याची वाढ आपोआप थांबते. जाडी राहते मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास. इतक्या पातळ पण घट्ट विणीतून पेरॉक्साइडचा चिमुकला रेणू पार होतो. क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल बव्हंशी बाहेरच अडतात. एक साखळी वीज वाहते म्हणून उपयोगी, दुसरी वाहत नाही म्हणून उपयोगी. अशा पहारेकरी पापुद्र्यांचा उपयोग पुढे डब्लिनच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील ग्लुकोज मोजावयास केला. मेंदूत क जीवनसत्त्व भरपूर असते, तेथे पहाऱ्याखेरीज मोजणे व्यर्थ.

ओळख चुकली तर काय होते, याचे उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. बाजारातील काही पट्ट्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी दुसऱ्या जातीचे एंझाइम वापरीत. त्यास माल्टोज ही वेगळी साखरही ग्लुकोजच वाटे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटात ज्या प्रकारचे द्रव सोडून रक्तशुद्धी करतात, त्यांपैकी काहींमुळे रक्तात माल्टोज येते. यंत्र साखर चढल्याचे सांगे, रुग्णास इन्शुलिन दिले जाई, आणि प्रत्यक्षात साखर आधीच उतरलेली असे. १९९७ ते २००९ या काळात असे १३ मृत्यू आपल्याकडे नोंदले गेल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये जाहीर केले आणि इशारा दिला. खोट्या वजनाने गिऱ्हाइकाचे दोन पैसे जातात. खोट्या ओळखीने जीव गेला. ताईच्या प्रश्नातील धार आम्हांस हे वाचताना पुन्हा जाणवली.

एवढे गुण असूनही विद्युत्‌वाहक पापुद्रा आपल्या घरातील यंत्रांत का नाही? ताईच्या पट्ट्या आम्ही भाचीस दाखवल्या. ती म्हणाली, यात पॉलिपायरोल नाही. छापलेल्या कार्बनच्या रेघा आहेत, एंझाइम आहे आणि इलेक्ट्रॉन उचलून नेणारा एक मध्यस्थ पदार्थ आहे. फेरोसीन या मध्यस्थाचा उपयोग १९८४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवला आणि १९८७ मध्ये लेखणीएवढे यंत्र त्यावर बाजारात आले. दंडावर चिकटवून पंधरवडाभर ठेवावयाचे जे संवेदक २०१४ पासून युरोपात मिळू लागले, त्यांत एंझाइम बहुवारिकातच बसवलेले असते, पण ते बहुवारिक निराळे. त्यात ऑस्मियम धातूचे अणू पायऱ्यांसारखे बसवलेले असतात.

पॉलिपायरोल मागे राहिले त्याची कारणे दोन. पहिले असे, की एंझाइमच्या कामातून जे हायड्रोजन पेरॉक्साइड निपजते, तेच पापुद्र्यास हळूहळू पोखरते आणि त्याची वीज वाहण्याची शक्ती घटवते. पाहुण्याच्या श्रमानेच यजमानाचे घर झिजावे, असा हा प्रकार. शिवाय नुसते अडकवलेले एंझाइम कालांतराने थोडे थोडे निसटते. म्हणून काही संशोधक त्यास साखळीशी रासायनिक बंधाने बांधून ठेवतात. बांधले की टिकते, पण त्याची चपळाई थोडी कमी होते. पिढ्यान्‌पिढ्या परक्या भाषेच्या मुलखात राहून आपली भाषा जपणाऱ्या आमच्यासारख्या घराण्यांना यात नवल वाटू नये. घट्ट बांधून घेतले तर वावर आखडतो, सैल सोडले तर वाहून जाणे होते. ज्याने त्याने आपापले प्रमाण शोधावयाचे.

दुसरे कारण आमच्या खात्यातले आहे. एक वजन बरोबर घडवणे कठीण नाही. तालुक्याचा कोणताही चांगला लोहार ते घडवून देईल. एकसारखी दहा हजार वजने घडवणे हे खरे काम. कार्बनची शाई लाखो पट्ट्यांवर एका दमात छापता येते. विजेने पापुद्रा धरावयाचा तर प्रत्येक टिकलीस तार जोडावी लागते, आणि द्रावण किंचित जुने झाले, पायरोल किंचित तपकिरी झाले, की आजचा पापुद्रा कालच्यासारखा राहत नाही. भाचीच्या टेबलावर बारा अग्रे ओळीने ठेवलेली होती. त्यांतील सर्वोत्तम कोणते, हे ती उत्साहाने सांगू लागली. आम्ही विचारले, “ते राहू दे, बारांमध्ये फरक किती?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मामा, आमचे परीक्षकही हेच विचारतात.”

आपल्याकडे या विषयावर काम थोडे झालेले नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉ. बन्सीधर मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्‌वाहक बहुवारिकांवरील जैवसंवेदकांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पॉलिपायरोल आणि पॉलिव्हिनिल सल्फोनेट यांचे एकत्रित पापुद्रे विजेने घडवून त्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवण्याचे प्रयोग झाले. ही कामे बहुतांशी शोधनिबंधांत राहिली. ती बाजारात उतरावी असे वाटण्यास आमच्याजवळ घरगुती कारण आहे. पट्टीची किंमत डोळ्यांपुढे असल्यामुळे ताई दिवसातून जितक्या वेळा तपासावयास हवे तितक्या वेळा तपासत नाही. थेंब अपुरा पडून पट्टी वाया गेली, तर ती दिवसभर हळहळते. मोजणे महाग असेल तर माणूस अंदाजावर जगू लागतो, आणि इन्शुलिन घेणाऱ्याने अंदाजावर जगणे बरे नव्हे.

तोवर हातात जे माप आहे ते तरी खरे ठेवावे. आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे दुकानातील काटा-वजन दर वर्षी अथवा दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावे लागते. घरातील साखरेच्या यंत्रास कोणी निरीक्षक येत नाही. ते काम घरच्यांनीच करावयाचे. या यंत्रांसाठी ठरावीक साखरेचे एक द्रावण मिळते. त्याचा थेंब पट्टीवर टाकला असता आकडा पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत आला पाहिजे. हे द्रावण म्हणजे यंत्राचे प्रमाण वजन होय. आम्ही ओळखीच्या बऱ्याच घरांत चौकशी केली; ते असते हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. आता नवी डबी फोडली की ताई पहिली पट्टी त्या द्रावणासाठी खर्च करते, कुरकुरत का होईना, आणि आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवते. दोन यंत्रे न वापरता ती एकच वापरते, म्हणजे निदान कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलना सरळ होते. आकडा आणि अंगातील लक्षणे जुळली नाहीत, तर ती हात धुऊन पुन्हा तपासते, आणि तरीही शंका राहिली तर डॉक्टरांना दूरध्वनी करते.

रक्ताचा थेंब घेण्यापूर्वी हात साबणाने धुवून कोरडे करावेत. बोटास लागलेला आंब्याचा रस अथवा लाडवाचा कण यंत्रास रक्तातील साखरच वाटतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे. दमट हवेने आतील एंझाइम बिघडते, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो. डबीवरील मुदतीची तारीख पाहावी.